दोन दिवसांचं काम

प्लांटच्या कॉलनीत, सेक्टर दोनमधल्या आमच्या क्वार्टरमध्ये बसून मी सॉफ्टवेअरचं काम करायचो. एकदा साहेबांना फोनवर ठणकावून सांगितलं, "लॉगिनचं काम दोन दिवसांत देतो." कोड आपोआप तपासणाऱ्या टेस्ट त्याच दुपारी लिहून टाकल्या. सगळ्या पास! कौतुकानं बाबांना दाखवल्या. ते प्लांटमध्ये मेंटेनन्सला होते, आता रिटायर.

"मुद्दाम काही बिघडवून पाह्यलं का?" त्यांनी विचारलं.

मी कोडमधला पासवर्ड तपासणारा भागच खोडला. टेस्ट तरीही पास!

"ह्या तं काहीच तपासून नाही राहिल्या," बाबा म्हणाले. "साहेबाले आठवडा सांग."

मी ओशाळून फोन केला. साहेब शांतपणे म्हणाले, "आरामात कर. तू दोन दिवस म्हणालास तेव्हाच मी क्लायंटला पंधरा सांगितले."