गळे पाहणारे मोठेबाबा

जगात माणसाची ओळख चेहऱ्यावरून पटते. माझ्या मोठेबाबांना ती गळ्यावरून पटे. मोठेबाबा म्हणजे बाबांचे थोरले भाऊ. आरोग्य खात्यात होते, नागभीडच्या आसपासची धानाची गावं आणि पलीकडचं जंगल सायकलवर पालथं घालत. कुणी भेटलं की त्यांची नजर थेट हनुवटीखाली जाई. 'जय भीम' झाला की लगेच फर्मान सुटे, "थुंकी गिळ पाहू." समोरचा बिचारा गिळे, गिळताना गलगंडाची गाठ दिसली नाही की मोठेबाबा खुलत. माझ्या मावशीच्या लग्नात तर त्यांनी हार पडायच्या आधी नवरदेवालाच गिळायला लावलं. वऱ्हाडी रुसले. मोठेबाबा निवांत पंगतीत बसले आणि खिशातल्या पुडीतलं मीठ स्वतःच पानात वाढून घेतलं.

ती पुडी बारमाही खिशात असे. पावसाळ्यात तिला पाणी सुटे आणि सदऱ्यावर छातीशी पांढरा डाग पडे. गलगंड होऊ नये म्हणून आयोडीन घातलेलं हे मीठ ऐंशीच्या दशकात आमच्याकडे नुकतंच येऊ लागलं होतं. तेही खड्याचंच, दिसायला साध्यासारखं. आणि आमच्याकडे खडेमीठ धुऊन घ्यायची रीत. न धुता भाजीत टाकणारी बाई आळशी ठरे. मोठेबाबा भर बाजारात ओरडत, "अवं बाई, त्यातलं आयोडीन सारं मोरीत सोडून राह्यली तू! मोरीले शहानी करतं काय?"

हे वेड कुठून आलं, ते आमच्या ओट्यावरच बसलेलं असे. आजीच्या गळ्याला लिंबाएवढी गाठ होती, आणि तिच्या शेवटच्या बाळंतपणातले आमचे धाकटे काका तिशी उलटली तरी बोलत नसत. त्यांना पाच बोटं मोजता येत नसत. मोठेबाबा त्यांना रोज आपल्या हाताने जेवू घालत आणि म्हणत, "पोटातल्या लेकराच्या डोक्याले हे आयोडीन लागते. मायले कोनी सांगतलंच नाई."

पण इतक्या गळ्यांच्या या पारख्याला घरातलाच एक गळा बारा वर्षांत दिसला नव्हता. तो माझ्या आईचा. मोठेबाबा तिचे भासरे, म्हणजे थोरले दीर. त्यांच्यासमोर तिने पदर डोक्यावरून ओढून गळ्याभोवती घ्यायचा, आणि दोघांनी एकमेकांशी सरळ बोलायचं नाही. गावोगाव विज्ञान सांगणारे मोठेबाबा घरात ही रीत मुकाट्याने पाळत. चहा हवा असला तरी भिंतीला विचारत, "चहा भेटन काय?" मीठ धुऊ नये हे व्याख्यानही भिंतीलाच. भिंतीने ते ऐकलं असेल. आई मीठ धूतच राहिली.

मग माझ्या बहिणीच्या वेळी आईला तिसरा महिना लागला. एका सकाळी ती विहिरीवर बादली ओढत असताना पदर घसरला, आणि सायकल काढणाऱ्या मोठेबाबांना तिच्या गळ्यावरची गाठ दिसली. सायकल हातातून सुटून पडली. ते ओट्यावर धाकट्या काकांशेजारी जाऊन बसले. मग उठून पहिल्यांदाच स्वयंपाकघरात गेले आणि आईकडे पाहून बोलले, "बाई, माह्यासमोर पदर नको घेऊ. सारा जिल्हा पायला अन् तुले नाई पायलं. हात जोडतो, मीठ नको धुऊ." आई रडली. तेही रडले. दुसऱ्याच दिवशी त्यांनी तिला डॉक्टरांकडे नेलं, आणि पुढचे सहा महिने आमच्या भाजीत मीठ ते स्वतः घालत.

बहीण झाली. ती पहिला शब्द बोलेपर्यंत मोठेबाबांना धड झोप नव्हती. एकदा बोलायला लागली ती अजून थांबलेली नाही. आता शाळेत गणित शिकवते. मिठामुळे की दवाखान्यामुळे, की ती तशीच व्हायची होती, हे मोठेबाबांनी कधी छातीठोकपणे सांगितलं नाही. फक्त ती पाढे म्हणू लागली की ते धाकट्या काकांचा हात हातात घेऊन ऐकत बसत.

शेवटच्या आजारात मोठेबाबांना घास उतरेना. आई भाताची पेज घेऊन त्यांच्यासमोर बसली. पदर खांद्यावर होता, गळा उघडा. तिने पेजेत चिमूटभर मीठ टाकलं, चमचा पुढे केला आणि म्हणाली, "भाऊ, गिळा पाहू."

मोठेबाबा तिच्या गळ्याकडे पाहत हसले, आणि त्यांनी गिळलं.