पेन्सिलची खूण

बातमी आली तेव्हा माझ्या मनात पहिला विचार काय आला, ते सांगायची लाज वाटते. मधल्या सुट्टीत शिक्षकांच्या ग्रुपवर फोटो आला, 'शिगवण गुरुजी गेले', खाली जोडलेल्या हातांची रांग... आणि मी मनात म्हटलं, आता यादीतून नाव काढावं लागणार! गुरुजी निवृत्त झाल्यापासून गावच्या मतदार यादीचं काम माझ्याकडे आहे. गेलेल्यांची नावं कमी करायची, अठरा पूर्ण झालेल्यांची घालायची, ॲप अडकलं की तालुक्याहून बोलणी खायची. इतकी वर्षं हेच केलं की माणूस गेला म्हणजे एक फॉर्म वाढला, असंच होऊन बसतं. रडू आलं ते दुपारी, चौथीचा गणिताचा तास चालू असताना.

नाटे गावाच्या अलीकडच्या आमच्या शाळेत आम्ही बारा वर्षं एकत्र शिकवलं. गुरुजी काही देवमाणूस वगैरे नव्हते हो. खडूचे तुकडेसुद्धा कपाटात कुलूप लावून ठेवायचे, मी तोंडावर चिक्कू म्हणायचे. यादीच्या कामाला तेही सुरुवातीला माझ्याइतकेच वैतागलेले. आमच्याकडे निम्मी घरं वर्षभर बंद, माणसं मुंबईला. बौद्धवाडीतल्या शेवंताबाईंच्या दाराला लागोपाठ दोन फेऱ्यांत कुलूप दिसलं. गुरुजींनी नोटीस चिकटवली, मुदत संपली, कोणी हरकत घेतली नाही, नाव कमी झालं. नियमाने सगळं बरोबर. आणि मतदानाच्या दिवशी शेवंताबाई इस्त्रीचं पांढरं लुगडं नेसून शाळेच्या व्हरांड्यात हजर! चिपळूणला लेकीकडे राहून डोळ्याचं ऑपरेशन करून आल्या होत्या. हातात कार्ड, पण यादीत नाव नाही. "मी कुलूप लावून गेल्ती ओ गुरुजी, मेली नव्हती," म्हणाल्या. मग बाकावर बसून राहिल्या, शाई लावून बाहेर पडणाऱ्यांची बोटं बघत. उठताना एवढंच बोलल्या, "माझ्या आयशीला कोनी दारात उभी करीत नव्हता. हितं मी सगळ्यांच्या रांगेत उभी ऱ्हाते. तेवढाच तर दिवस..."

आठवड्याभरात स्वतः अर्ज भरून गुरुजींनी ते नाव परत आणलं. पण पुढची निवडणूक यायच्या आत शेवंताबाई खरंच गेल्या, आणि नाव काढायचं काम पुन्हा गुरुजींकडेच आलं. त्या दिवशी डबा न उघडता बसले होते. "बाई, एकाच माणसाला मी दोनदा मारलं," म्हणाले. मी 'असं काय बोलता' वगैरे म्हटलं.

तेव्हापासून त्यांनी स्वतःपुरता एक नियम घातला. सरकारी फेरी सरकारी वेळेला करायचीच, पण बंद घर दिसलं की नावापुढे फक्त पेन्सिलने गोल. मग गणपतीत, गावातली सगळी कुलपं उघडतात तेव्हा, छत्री घेऊन पुन्हा दारोदार. ओटीवर उभं राहून घरातलं एकेक नाव मोठ्याने वाचायचं, ज्याचं त्याने 'आहे' म्हणायचं, आणि मगच पेन. मुंबईच्या यादीतही नाव असलं तर 'एक काय ते ठरवा' म्हणायचे. सख्ख्या भावाचं नाव असंच इथून काढायला लावलं, तर तो दोन वर्षं बोलला नाही. मला मात्र या सगळ्याचा भयंकर राग यायचा. ऐन सणात घरी पाहुण्यांचा पसारा, आणि हे मला मदतीला ओढत न्यायचे.

एकदा निवडणुकीच्या तोंडावर गावचा पुढारी शाळेत आला. गुरुजींचाच जुना विद्यार्थी. वरच्या वाडीतली बंद घरं सरसकट कमी करा म्हणाला, कारण तिथली मतं त्याची नव्हती. "गुरुजी, तुम्ही आपली माणसं." गुरुजी वह्या तपासत होते. "शाळेत मी तुझा हो," म्हणाले, "ही यादी हातात असली की मी कुणाचा नाही." तो बदलीचं काहीतरी पुटपुटत निघून गेला. गुरुजींनी एकाच वहीवर दोनदा सही केली, मी पाहिलंय. टीव्हीवर हल्ली रोज भांडण चालतं, निवडणूक आयोग स्वतंत्र आहे की नाही. मला त्यातलं फार कळत नाही, आणि ऐकायचाही कंटाळा आलाय. आमच्या गावापुरता आयोग म्हणजे छत्री घेऊन कातळ चढणारे गुरुजी. तेच त्या दिवशी भ्याले असते, तर दिल्लीतल्या इमारतीचा वरच्या वाडीला काय उपयोग होता?

आजारपणातही गुरुजींनी माझ्याकडून यादीची नवी प्रत मागून घेतली होती. श्रावणात गेले. मृत्यूचा दाखला माझ्या हातात होता, ॲपवर मिनिटाचं काम, पण हात होईना. गणपतीत त्यांच्या घरी गेले. सुतक सरलेलं, मुलगा मुंबईहून आलेला, मूर्ती साधेपणाने आणलेली. वहिनींनी, म्हणजे गुरुजींच्या बायकोने, ती प्रत आणून दिली. गुरुजींच्या स्वतःच्या नावापुढे पेन्सिलने गोल होता, आणि बाजूला त्यांच्याच वाकड्यातिकड्या अक्षरात, 'गणपतीत जाऊन खात्री करणे.' मला हसूच आलं आधी... काय माणूस!

मग ओटीवर उभी राहून मी नावं वाचली. वहिनी 'आहे' म्हणाल्या, मुलगा 'आहे' म्हणाला. गुरुजींचं नाव वाचलं. वहिनीच म्हणाल्या, "नाहीत हो बाई." मी पेन काढून गोलावर रेघ मारली. निघताना गुरुजींची ती पेन्सिल मागून घेतली. वरच्या वाडीत अजून घरं राहिली होती, आणि विसर्जनानंतर पुन्हा कुलपं लागणार होती.