शिडीच्या सिनेमाची स्वच्छ टेप

माझ्या भाऊजींना आवाजातलं सगळं कळतं, असं लोक म्हणतात. चाळीस वर्षं ते रेडिओ आणि टेपरेकॉर्डर दुरुस्त करत आले आहेत. बंद पडलेला रेडिओ कानाशी धरून हलवला की आत काय सुटलंय ते सांगतात. मी त्यांची मेहुणी, मला त्याचं एवढं कौतुक नाही. माझ्या ताईला गप्प बसवणारा माणूस म्हणून मी त्यांच्यावर तीस वर्षं राग धरला, आणि अगदी नीट सांभाळला.

कारण म्हणाल तर एक सिनेमा. त्याला चांगलं भारदस्त नाव आहे, पण आमच्याकडे सगळे ‘शिडीचा सिनेमा’च म्हणायचे. एक काटकुळा आणि एक गोलमटोल असे दोन रंगारी एका घराची एक भिंत रंगवायला येतात, आणि संध्याकाळी फक्त ती भिंत उभी असते, घर नसतं. बस्स, एवढंच. चौकातल्या थिएटरात तो दरवर्षी आठवडाभर लागायचा आणि दरवर्षी तीच मंडळी जायची. औषधांच्या दुकानाचे मालक, पोस्टमन, शिंपी, भाऊजी आणि ताई. नवीन काय बघायचंय, असं कोणी विचारलं तर शिंपी त्याचे कपडे आठवडाभर उशिरा द्यायचा.

ताईचं हसणं म्हणजे फडताळातली भांडी एकदम खाली यावीत तसं. त्यात ते वेळेआधी यायचं. काटकुळा शिडीवर चढून छत रंगवत असतो. गोलमटोलाला उंचावरची खिडकी बंद करायची असते. तो नुसता शिडीकडे बघतो, की ताई फुटलीच. शिडी काढायला अजून अवकाश, काटकुळा पडायला तर त्याहून. मागच्या रांगेतून पोस्टमन म्हणायचे, “वहिनी, त्याला पडू तरी द्या.” त्यावर ती आणखी हसायची, आणि मग तिच्या हसण्यावर सगळं थिएटर हसायचं.

भाऊजींनी मनात घेतलं, की या सिनेमाची टेप करायची. बाजारात मिळते तसली नको, आपल्या थिएटरातली, आपल्या माणसांच्या हसण्यासकट. पिशवीत टेपरेकॉर्डर घालून ते गेले. घरी येऊन ऐकतात तर शिडीच्या प्रसंगावर ताईचं हसणं पसरलेलं, खालचं काही ऐकू येईना. दुसऱ्या दिवशीही तेच. दोन्ही वेळा त्यांनी ते पुसून टाकलं, कारण कॅसेट एकच होती आणि हौस दांडगी.

तिसऱ्या दिवशी ते म्हणाले, “आज तू घरी थांब.”

“मी येणार,” ताई म्हणाली. “आणि तोंडातून आवाज काढणार नाही. बघाच.”

ती गेली, आणि तिने शब्द पाळला. त्या संध्याकाळी मी त्यांच्याच घरी होते. ताई आत आली, पर्समधून चुरगळलेला रुमाल काढून मला दाखवला. त्यावर दातांच्या खुणा होत्या. मग ती भिंतीला टेकून खाली बसली आणि तिथून जे हसायला लागली ते अर्धा तास. दोन तासांचं साठवलेलं होतं ना. पोट धरून ती मला सांगायचा प्रयत्न करत होती आणि एक शब्द धड बाहेर पडत नव्हता. भाऊजी पलीकडे टेप उलटी गुंडाळत होते. मशीन तिथेच होतं, टेबलावर. रेकॉर्डचं बटण कोणी दाबलं नाही. मीही नाही.

ती टेप फार गाजली. थिएटर बंद होऊन तिथे फर्निचरचं गोदाम झालं, तेव्हापासून दर शुक्रवारी दुपारी मंडळी भाऊजींच्या दुकानात जमायची आणि नुसता आवाज ऐकत सिनेमा बघायची. आता तो फोनवरही मिळतो, चकचकीत. पण फोनमध्ये औषधवाल्यांचा खोकला नाही, पोस्टमनची शिट्टी नाही. या टेपमध्ये प्रत्येकाला आपापलं हसणं सापडायचं. “हा मी,” शिंपी बोट वर करून म्हणायचा. ताई चहा घेऊन यायची, ऐकायची आणि माझ्याकडे बघून म्हणायची, “एवढ्या गर्दीत मीच तेवढी शहाणी.” ती हे गमतीने म्हणायची. माझ्या मात्र डोक्यात जायचं.

आवाज जरा दबका का येतो, असं कोणी विचारलं की भाऊजी सांगायचे, “मध्ये मध्ये एक कुरकुर आहे. म्हणून ट्रेबल, म्हणजे बारीक आवाजाचं बटण, कमी ठेवलंय.”

दीड वर्षापूर्वी ताई गेली. चार दिवसांचा ताप, आणि संपलं. घरात तिचे चौदा फोटो निघाले. आवाज एकही नाही. आवाजाचं दुकान चालवणाऱ्या माणसाच्या घरात बायकोचा आवाज नाही, हे मी त्यांना तोंडावर बोलले. बोलायला नको होतं. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी शोध सुरू केला.

पहिल्या दिवशीची टेप, पुसण्याआधी, पोस्टमननी एका रात्रीपुरती नेली होती, असं त्यांना आठवलं. तिची नक्कल केली असेल तर? पोस्टमन आता नाहीत. भाऊजी त्यांच्या सुनेकडे गेले, माळ्यावरची पेटी उतरवली आणि एकेक कॅसेट लावून बघितली. सहा दिवस. एकीवर पोस्टमनच्या अक्षरात ‘शिडी’ लिहिलेलं सापडलं, तेव्हा म्हणे त्यांना ती मशीनमध्ये घालता येईना, सुनेनेच घातली. पहिली दोन मिनिटं सिनेमाचं संगीत होतं. पुढे त्यांच्या नातीचे पाढे. शिडीच्या जागी सत्तावीस चोक होता.

हे मला त्यांनी दुकानात बसून सांगितलं. भर दुपार होती, शुक्रवार नव्हता, गिऱ्हाईक नव्हतं. सांगून झाल्यावर ते म्हणाले, “तू म्हणतेस ते खरं आहे. मीच पुसलं.”

मी तीस वर्षं या वाक्याची वाट बघत होते, आणि ते ऐकून मला काडीचंही समाधान झालं नाही. काही तरी करायचं म्हणून मी म्हटलं, “तुमची ती स्वच्छ टेप लावा.” खरं तर मी ती कधी धड ऐकलीच नव्हती, रागाने.

त्यांनी शिडीच्या प्रसंगावर आणून लावली. ब्रशचा सपसप आवाज. खिडकी आपटते. मग शांतता, म्हणजे गोलमटोल शिडीकडे बघतोय. आणि त्या शांततेत अगदी बारीक, भराभर, कुर्रर कुर्रर कुर्रर. बराच वेळ. मग शिडी सरकली, काटकुळा धाडकन पडला आणि थिएटर हसलं.

“हे काय वाजलं मध्ये?” मी विचारलं.

“तीच कुरकुर. कोणाची तरी खुर्ची ढिली होती. किती खटपट केली, जात नाही.”

“पुन्हा लावा.”

त्यांनी लावली. खिडकी आपटली, आणि कुर्रर कुर्रर कुर्रर. अजून काहीच घडलेलं नव्हतं. सगळं थिएटर गप्प होतं आणि एकच खुर्ची हलत होती.

“भाऊजी,” मी म्हटलं, “तुमच्या शेजारी कोण बसलं होतं?”

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग टेप थांबवली, मागे घेतली आणि पुन्हा सुरू केली. त्यांचा हात ट्रेबलच्या बटणाकडे गेला. तीस वर्षं खाली ठेवलेलं ते बटण त्यांनी हळूहळू, अगदी शेवटपर्यंत वर नेलं. दुकानभर खुर्ची कुरकुरायला लागली. भाऊजींनी डोळे मिटले, आणि त्यांचे खांदे हलायला लागले, माझेही. काटकुळा अजून शिडीवरच होता.