युरोपचं मुखदर्शन

बांधकाम कुठलंही असो, राडारोडा पडतोच. भिंत सरळ असली तरी खाली विटांचे तुकडे, वाळलेला सिमेंटचा माल, वाकडे खिळे पडायचेच. मी जन्मभर गवंडीकाम केलं, तेव्हा हे मला माहीत आहे. पण भिंत उभी राहायच्या आधीच राडारोड्याचा डोंगर झालेला मी एकदाच पाहिला. तो आमच्या युरोपच्या ट्रिपचा!

हडपसरच्या आमच्या बागेत एक बाकडं आहे. रोज सकाळी तिथं आम्ही तिघं बसतो. एक जगताप सर, शाळेत भूगोल शिकवून रिटायर झाले. दुसरे कुलकर्णी. मूळचे सदाशिव पेठेचे, बायको गेल्यावर इकडच्या फ्लॅटमध्ये आले. येताना बाकी सामान थोडं आणलं, जीभ मात्र सगळी आणली. तिसरा मी. शाळेत गेलो नाही. अक्षरं साइटवर सिमेंटच्या गोण्यांवरून शिकलो, म्हणून लिहायला वेळ लागतो. रागवायलाही लागतो. लोक म्हणतात, "भाऊंना रागच येत नाही." येतो हो! पोचेपर्यंत उशीर होतो, एवढंच.

* * *

सुरुवात माझ्या घरातच झाली. माझा मुलगा नीलेश आयटीत आहे. तो म्हणाला, "बाबा, आईला आणि तुम्हाला युरोप दाखवतो. आठवड्याची सुट्टी मिळतेय."

आमच्या स्वयंपाकघरात एक जुनं कॅलेंडर आहे. वर्ष केव्हाच संपलं, पण सुमन, म्हणजे माझी बायको, ते काढू देत नाही. त्यावर स्वित्झर्लंडचं एक तळं आहे. मागं बर्फाचा डोंगर आणि काठावर एक रिकामं बाकडं. पोळ्या लाटताना तिनं ते बाकडं किती वर्षं पाहिलं असेल!

नीलेशनं विचारलं, "आई, तुला काय काय बघायचंय?"

ती म्हणाली, "काय काय नाही. मला त्या बाकड्यावर बसून चहा प्यायचाय."

"ते तर होईलच गं! पण अजून काय?"

"अजून एक कप."

नीलेश हसला. मला तिथंच कळायला हवं होतं की हे होणार नाही.

* * *

मी बाकड्यावर बातमी सांगितली आणि घात झाला. कुलकर्णी म्हणाले, "मीही येतो, एकटा घरी बसून भिंतींशी किती भांडू?" जगताप सर सपत्नीक तयार झाले आणि दुसऱ्याच दिवशी नकाशा घेऊन आले.

"हे बघा, अष्टविनायक आपण दोन दिवसांत करतो. आठ गणपती! मग आठवड्यात सात देश का होणार नाहीत?"

मी म्हणालो, "सर, थेऊरहून रांजणगावला जायला व्हिसा लागत नाही."

ते कसले ऐकतात! त्यांनी पॅरिसपासून बोट फिरवलं ते गरागरा फिरवून पुन्हा पॅरिसवर आणून ठेवलं.

"पॅरिस दोनदा?" मी विचारलं.

"भाऊ, मोरगावपासून निघालेला माणूस मोरगावला परत गेल्याशिवाय यात्रा पुरी होते का?"

कुलकर्णी शांतपणे म्हणाले, "बरोबर आहे. आणि पॅरिसच्या भक्तनिवासात खोली मिळेल ना? की सभामंडपातच पथारी?"

* * *

मग आम्ही टूरवाल्याकडे गेलो. गार ऑफिस, टाय लावलेला पोरगा. त्यानं सात देश ऐकून डोळेसुद्धा मोठे केले नाहीत. उलट म्हणाला, "काका, आठही बसतील!"

त्याच्या कार्यक्रमात जागोजागी 'पॅनोरमिक' लिहिलं होतं. मी विचारलं, "हे काय असतं?"

"म्हणजे बसमधून बघायचं, काका."

"उतरायचं नाही?"

"उतरलात तर पुढचा देश जातो ना!"

बाहेर आल्यावर कुलकर्णी म्हणाले, "रांग मोठी असली की आपण बाहेरूनच हात जोडतो, तसलं आहे हे. रोमचं मुखदर्शन!"

सगळे हसले. मी नाही हसलो. सुमनचं तळं मी त्या कागदावर शोधत होतो. सापडलं एकदाचं. 'फोटो स्टॉप, वीस मिनिटं.' वीस मिनिटांत तिचा चहा गारसुद्धा होत नाही!

* * *

कुलकर्ण्यांचे एक शेजारी असल्याच ट्रिपला जाऊन आले होते. म्हटलं, त्यांना विचारावं. गेलो आम्ही तिघं.

"स्वित्झर्लंड कसं आहे हो?"

"अप्रतिम!"

"तळं पाहिलंत का, डोंगराखालचं?"

त्यांनी खिशातून फोन काढला, चष्मा वर केला आणि स्क्रीनवर बोट सरकवत राहिले.

"थांबा हं. पाहिलं असेल तर फोटो असेल."

* * *

आता जे सांगतो ते हसण्यासारखं नाही.

नीलेश घरी कार्यक्रम वाचून दाखवत होता. पहाटे उठा, बॅगा दाराबाहेर, नाश्ता, बस. रोज नवं हॉटेल. मी विचारलं, "यात तुझ्या आईचे गुडघे सुटायला वेळ कुठं आहे?" सकाळी ती पलंगावरून उठते तेव्हा गुडघे धरलेले असतात. भिंतीला हात लावत लावत फिरते, मग कुठं पाय मोकळे होतात.

नीलेश लॅपटॉपमधून मान वर न काढता म्हणाला, "बाबा, एवढं काय टेन्शन घेताय? आईला जमणार नाही तिथं ती बसमध्येच बसेल. काच केवढी मोठी असते!"

सुमन शेंगा सोलत राहिली.

माझ्या डोक्यात काहीतरी तडकलं. ही बाई माझ्या हाताखाली डोक्यावर घमेली घेऊन मजल्यामागून मजले चढली. लिफ्ट आमचं काम संपल्यावर यायची. आज हा पोरगा कुठल्याशा नवव्या मजल्यावर लिफ्टनं जातो, आणि त्याच्या आईनं बसमध्ये बसायचं? हे सगळं मी बोललो. बोलून झाल्यावर दम लागला.

नीलेशची मान अजून लॅपटॉपमध्येच होती. मग सुमनकडे पाहिलं. तिनं शेंग सोलता सोलता विचारलं, "अहो, काही म्हणालात का?"

* * *

शेवटी तोडगा तिनंच काढला. सगळे आमच्याकडे चहाला जमले होते. चहा देताना ती म्हणाली, "आधी पुणं करून दाखवा. ह्याच पद्धतीनं. जमलं तर मी येते, म्हणाल तिथं बसमध्ये बसते."

सरांना कल्पना एवढी आवडली की त्यांनी शिट्टीच आणली. टेम्पो ट्रॅव्हलर ठरवली. शनिवारवाडा म्हणजे पॅरिस. तुळशीबाग म्हणजे रोम. पर्वती म्हणजे आल्प्स. सारसबागेचं तळं म्हणजे सुमनचं तळं. आणि यात्रा पुरी करायला पुन्हा शनिवारवाडा!

रविवारी सकाळी निघालो. रामटेकडीपाशी ट्रॅफिकमध्ये असे अडकलो की पॅरिसची वेळ तिथंच संपली. शनिवारवाडा आला तेव्हा सरांनी गाडी थांबवूच दिली नाही. "पॅनोरमिक! पॅनोरमिक!" डावीकडच्यांनी पाहिलं. उजवीकडच्यांना डावीकडच्यांची डोकी दिसली.

रोममध्ये जगताप वहिनी "एक गाळणी घेऊन आलेच" म्हणून उतरल्या. शिट्टी वाजली, पुन्हा वाजली. शेवटी फोन आला, "तुम्ही व्हा पुढं, मी रिक्षानं घरी जाते."

"एक माणूस रोमला राहिलं," कुलकर्णी म्हणाले. "सर, दूतावासाला कळवायचं का?"

पर्वतीला कुलकर्णी पहिल्याच पायरीवर बसले, वर बघून हात जोडले आणि म्हणाले, "झालं आमचं आल्प्स." सर तणतणत वर गेले. नीलेश फोनवर बोलत अर्ध्यातून परतला. सुमन गाडीत बसून होती. तिच्या बाजूची काच खरंच मोठी होती. तिच्यातून समोरच्या भिंतीवरची क्लासची जाहिरात दिसत होती.

मग सारसबाग. मी सुमनला हात देऊन हळूहळू आत नेलं. तळ्याकडं तोंड करून एक बाकडं होतं, सावलीत. ती बसली. पाय लांब केले. पिशवीतून थर्मास काढला, माझ्या हातात झाकण दिलं आणि चहा ओतायला सुरुवात केली.

तेवढ्यात शिट्टी.

"चला, चला! वेळ संपली! पॅरिस राहिलंय!"

"सर, ती आत्ताच बसली आहे," मी म्हणालो.

"पर्वतीला वेळ गेला ना, भाऊ! तो कुठूनतरी काढायला नको?"

नीलेश पुढं आला. "आई, चल ना. गाडीत पी चहा." आणि त्यानं तिच्या दंडाला धरून उठवायला सुरुवात केली. तिचा गुडघा अडला. चहा पदरावर सांडला.

"हात सोड तिचा!"

तळ्यावरची कबुतरं उडाली. भेळ खाणारी माणसं थांबली. सरांच्या तोंडातली शिट्टी खाली पडली. नीलेशनं हात सोडला आणि मागं सरून माझ्याकडं असा बघायला लागला, जणू मी कुणी दुसराच आहे. हे कोण ओरडलं ते मलाही थोड्या वेळानं कळलं.

सुमननं पदर झटकला. झाकणात पुन्हा चहा ओतला. तळ्यावरची नजर न काढता म्हणाली, "आत्ता ऐकू आलं."

सर वाकून गवतात शिट्टी शोधत होते. कुलकर्ण्यांनी एकदा गाडीकडं पाहिलं, एकदा सरांकडं पाहिलं, खिशातून रुमाल काढून बाकड्याची कड पुसली.

"वहिनी," ते म्हणाले, "जरा सरकता का?"