दोन बटणांची बोली

माझा थोरला भाऊ शिंपी. गिऱ्हाइकं त्याला मास्तर म्हणतात, मी दादा. रविवारी दुपारी दुकानाचं दार लोटून घेऊन तो कापायच्या टेबलावरचे खडू, कात्री, टेप बाजूला सारायचा आणि आम्ही दोघं पोकर खेळायचो. पैसे नाहीत, बटणं. शर्टाची साधी. कोटाचं एक बटण म्हणजे त्यातली पाच.

जिंकायच्या हौसेपेक्षा मला हरायची धास्ती मोठी. त्यामुळे दादाने शिकवलेली एकच युक्ती माझ्या अंगात भिनली. "पानं मधलीच असली, ना धड चांगली ना टाकाऊ, आणि बोलायची पाळी आधी तुझी असली, तर गप्प बसू नकोस," तो सांगायचा. "गप्प बसलास तर समोरचा ढीगभर बटणं लावेल आणि तुला पानं टाकावी लागतील. त्याआधी तूच दोन बटणं लाव. बहुतेक जण तेवढीच लावतात नि पानं उघडतात. थोडक्यात सुटतोस." मग हसायचा. "पण माझ्यापुढे नको हं. दोन बटणं दिसली की मला कळतं, साहेब टरकलेत." आणि लगेच वीस बटणं पुढे सरकवून माझी दाणादाण उडवायचा.

चार वर्षांपूर्वी दादाची मूत्रपिंडं निकामी झाली. वहिनीचं मूत्रपिंड जुळलं नाही. मूलबाळ त्यांना नाही. उरलो मी. एक दिवस वहिनीचा फोन आला, "भावजी, या रविवारी जरा लवकर या. ह्यांना तुमच्याशी बोलायचंय."

मी गेलो तेव्हा तो मशीनपाशी बसून कुणाच्या तरी पँटची शिलाई उसवत होता. मला बघून त्याने चष्मा काढला. तो तोंड उघडणार, तेवढ्यात मीच घाईघाईने म्हणालो, "दादा, डायलिसिसला आठवड्यातले तिन्ही दिवस मीच तुला नेणार. एकही खाडा नाही. भाड्याची गाडी-बिडी काही करायची नाही."

त्याने माझ्याकडे नीट बघितलं. मी खाली पडलेले दोरे बघत बसलो.

"बरं," एवढंच म्हणून त्याने चष्मा परत चढवला.

खाडा मी खरंच केला नाही. "भाऊ असावा तर असा," वहिनी चारचौघांत सांगते आणि मला मेल्याहून मेल्यासारखं होतं.

मागच्या महिन्यात दवाखान्यातून परतताना मला राहवेना. "दादा, त्या दिवशी मी मुद्दाम आधी बोललो. तू मागशील म्हणून."

"माहितीय." तो खिडकीबाहेर बघत होता. "मी मागणार नव्हतो रे. तुझी पोरं लहान. तू तपासण्या करू नकोस, हेच सांगायला बोलावलं होतं."

खरं होतं की माझं मन राखायला म्हणाला, देव जाणे. मग आता तरी करतो तपासण्या, असं मी तिथल्या तिथे म्हणायला हवं होतं. मी सुटकेचा निःश्वास टाकला, आणि तो त्याला ऐकू गेला.