सेलामाहची वाव

ज्या वर्षी घर जळालं, त्याच वर्षी सेलामाहचा डावा हात लुळा पडला. तेरेंगानूच्या धक्क्यावर मासळीच्या सुरळ्या तळून विकणारी ती धडधाकट बाई आता नणंदेच्या ओसरीवर नुसती बसून असायची.

नवरा दोलाहने नवं घर बांधायला काढलं, तेव्हा म्हातारा सुतार जुसोह वेताची दोरी घेऊन आला. रीत अशी की घराचं माप घरधनिणीच्या वावेनं धरायचं. तिनं दोन्ही हात पसरायचे, या टोकापासून त्या टोकापर्यंत एक वाव.

“पसर पोरी हात,” जुसोह म्हणाला.

उजवा उठला. डावा लोंबत राहिला. सेलामाहने तोंड फिरवलं.

नणंद कलसोम लगेच पुढं सरसावली. “माझे घ्या की! मापच तर हवंय.”

“मग घरही तूच घे,” सेलामाह पुटपुटली.

दोलाह वैतागला. “वखारीत सगळं फुटातच मिळतं. वाव म्हणजे सहा फूट. धरा तेवढं आणि मोकळे व्हा.”

“सहा फुटी बायको कधी केलीस रे?” जुसोहनं विचारलं आणि तो सेलामाहपुढं उकिडवा बसला.

“राहू द्या काका. अर्धीच उरलेय मी.”

“चार हातांची एक वाव होते. चारही हात एकाच बाजूचे मोजले, तर घर काय तक्रार करणार आहे?”

त्यानं तिच्या उजव्या कोपरापासून मधल्या बोटापर्यंत दोरी धरली, गाठ मारली. असं चारदा. मग टेप लावला. पावणेपाच फूट.

“एवढीशीच?” सेलामाह कितीतरी महिन्यांनी हसली.

दोलाहनं तरी सहा फुटांच्या हिशेबानं लाकूड आणलंच, आणि वाया जाईल म्हणून कापू देईना. तेव्हा सेलामाह स्वतः चालत गेली आणि ओंडक्यावर जाऊन बसली. “कापा, काका. मी इथं बसलेय तोवर हे काही बोलणार नाहीत.”

दोलाह करवतीखालचा भुसा मात्र पोत्यात भरत राहिला.

घर बुटकं झालं. कलसोम त्याला खुराडं म्हणायची. पण वरच्या फळीवरचं मडकं उतरवायला सेलामाहला कुणाला हाक मारावी लागत नसे, आणि खिडक्या ती एका हातानं लावायची. पुढं उंचेली सून रोकियाह आली. पहिल्याच दिवशी तिचं कपाळ तुळईवर आदळलं. सेलामाहनं टेंगळाला तेल चोळलं.

“तुझं घर बांधशील तेव्हा तुझी वाव धर हं,” ती म्हणाली. “इथं मात्र वाकायचं.”