एकतीस गुण

“नाक लावलं नाई बरं, गुरुजी!” टोपली हातभर लांब धरून, मान वळवून तो रोज हेच म्हणे. देवाचे फूल हुंगायचे नसते, हा नियम तो श्वास रोखून पाळी. अमरावतीच्या राजापेठेतील आमच्या मंदिराला त्याचीच फुले येत. असा फूलवाला आपणही कुठेतरी पाहिला असेल.

बाळापूरच्या मुलीशी त्याचा विवाह ठरला, तेव्हा पत्रिका मीच पाहिल्या. देवके भिन्न, छत्तीसांपैकी एकतीस गुण जुळलेले. मी निःशंक मनाने होकार दिला.

वर्षभरात तो दिवसातून तीनदा स्नान करू लागला. कडुनिंब झाला, चंदन झाले, शेवटी अत्तर. शेजारचा नारळवाला ओरडे, “काय बे, आज कोनाची वरात?” तो हसे. मग एका दुपारी मंदिराच्या पायरीवर बसून हळूच म्हणाला, “तिले माह्या आंगाचा वास सहन होत नाई, गुरुजी.”

अकोल्याच्या डॉक्टरांना काही दोष सापडला नाही. शिकवणी वर्गात जीवशास्त्र शिकवणाऱ्या एक बाई दर्शनाला येत. त्यांनी समजावले, “देहाच्या गंधात जनुकांचाही वाटा असतो. कोणाला कोण रुचते, हे त्यावरूनही ठरत असावे, असे काही संशोधक मानतात. पक्के कोणालाच ठाऊक नाही.”

“मंग हे पत्रिकेत कोन्त्या घरात येते, गुरुजी?” त्याने विचारले. बाई हसल्या. मला हसता आले नाही.

त्याची पत्नीही एकदा आली. डोळे पुसत म्हणाली, “मानूस देव हाये जी. पन जवळ आला का जीव गुदमरते. मी का मुद्दाम करून राहिली?”

दोघेही निर्दोष होते. काहीतरी शांती करा, अशी त्याने विनवणी केली. माझ्या पोथ्यांत त्यासाठी विधी नव्हता, आणि खोटा सांगणे मला जमले नाही.

अखेर तिने माहेरी परतायचे ठरले. तिला बसमध्ये बसवायला तोच गेला. मी सोबत होतो. रुमाल टाकून त्याने तिच्यासाठी खिडकीची जागा धरली, तिला बसवले आणि लगेच खाली उतरला. तिने आतूनच हात जोडले. गाडी सुटली, तेव्हा मी त्याला प्रथमच उराशी धरले.

“मला तर कसलाच वास येत नाही रे.”

“कोनालेच येत नाई, गुरुजी. फक्त तिले.”

पायाशी त्याची स्वतःची पिशवी होती. तोही त्याच दिवशी अमरावती सोडून अकोल्याला, जठारपेठेतल्या मावसभावाकडे, कायमचा निघाला होता. बाळापूरची गाडी अकोल्यावरूनच जाते. तो मात्र पुढच्या गाडीची वाट पाहत उभा राहिला.